विद्यार्थ्याचा शोधनिबंध आणि न झालेले भाषण

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की दापोडी, बोपोडी, खडकी, पिंपरी या पट्ट्यातल्या वस्त्यांत आणि मंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर शाळकरी मुलांची भाषणे होतात. मुले तयारीने बोलतात, न अडखळता बोलतात. भाषणाचा साचा मात्र ठरलेला असतो. महू येथे जन्म, बालपणीचे अपमान, परदेशी पदव्यांची यादी, महाडचे तळे, राज्यघटना आणि शेवटी एक घोषणा. पदव्यांच्या यादीत कोलंबिया विद्यापीठाचे नाव येते, पण तिथे शिकताना बाबासाहेबांनी नेमके काय लिहिले, याबद्दल एक वाक्यही येत नाही.

हीच मुले हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प करतात. 'पवना नदीचे प्रदूषण' हा आपल्याकडचा नेहमीचा विषय. थर्मोकोलची नदी, कारखान्याची चिमणी, रंगीत तक्ता, प्रदूषणाची सात कारणे आणि सात उपाय. नदीवर कोणी गेलेले नसते. गेले असले, तरी तिथे काय मोजले आणि त्यावरून काय ठरले, हे तक्त्यावर दिसत नाही.

थोडक्यात, भाषणात पुरावा नाही आणि प्रकल्पात म्हणणे नाही. शाळेत ही दोन कामे दोन वेगळ्या शिक्षकांकडे असतात. वक्तृत्व भाषेच्या शिक्षकांकडे, प्रकल्प विज्ञानाच्या शिक्षकांकडे. दोघेही आपापले काम मनापासून करतात, पण मुलाच्या डोक्यात दोन्ही कामांची भेट होत नाही. ती व्हायला हवी, आणि झाली तर काय घडते, हे पाहण्यासाठी बाबासाहेबांचेच दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे सुचवायचे आहे. एक विद्यार्थिदशेतला शोधनिबंध, दुसरे वीस वर्षांनंतरचे भाषण. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पहिल्याच खंडात दोन्ही आहेत.

पंचविशीतला निबंध

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या अभ्यासवर्गात एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि वाढ. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

निबंधाची पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे विषयाची कापणी. जातीचा प्रश्न केवढा मोठा आहे हे सांगून लेखक लगेच आपले कुंपण घालून घेतो : मी फक्त उत्पत्ती, यंत्रणा आणि प्रसार यांबद्दल बोलणार. स्वतः त्या व्यवस्थेचे चटके सोसलेला हा विद्यार्थी आहे. संतापाला पुरेसे कारण असूनही निबंधात आत्मकथन नाही. आमच्या मुलांच्या प्रकल्पांना 'प्रदूषण : कारणे, परिणाम व उपाय' अशी नावे असतात. त्यांत कुंपणच नसते, म्हणून आत काही उगवत नाही.

दुसरी गोष्ट व्याख्येची. आंबेडकर आधीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवतात : फ्रेंच अभ्यासक सेनार, इंग्रज अधिकारी नेसफिल्ड व रिस्ली, आणि आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेल्या केतकरांनीही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते. ते १९०९ साली निघाले. एका मराठी विद्यार्थ्याच्या संशोधनावर दुसरा मराठी विद्यार्थी सात वर्षांनी टीका करतो आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

ही टीका कशी केली आहे ते पाहण्यासारखे आहे. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. आंबेडकर म्हणतात, विटाळ हा पुरोहिती कर्मकांडातून येतो, तो जातीचा गाभा नव्हे. नेसफिल्ड जातीबाहेर जेवत नाहीत यावर बोट ठेवतात. आंबेडकर म्हणतात, इथे परिणामाला कारण समजले गेले आहे. आधी गट बंद होतो, मग पंगत वेगळी होते. केतकरांचे ते कौतुक करतात, कारण केतकर जातीकडे एकट्या गटासारखे न पाहता एका व्यवस्थेचा भाग म्हणून पाहतात. केतकरांनी दोन लक्षणे दिली होती : जन्मानेच मिळणारे सभासदत्व आणि गटाबाहेर विवाहाची बंदी. आंबेडकर दाखवतात की ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. बाहेर लग्न करायला बंदी घातली, की गटात येण्याचा रस्ता जन्म एवढाच उरतो.

म्हणजे शेवटी एकच लक्षण राहते : गटातल्या गटात लग्न, ज्याला समाजशास्त्रात अंतर्विवाह म्हणतात. गोत्राबाहेर लग्न करण्याची चाल आधीपासून होतीच. तिच्यावर जातीच्या आत लग्न करण्याचे बंधन चढवले गेले आणि जात तयार झाली.

बंद दाराचे गणित

यानंतरचा भाग विज्ञानाच्या शिक्षकांना विशेष आवडेल, कारण तो फळ्यावर मांडता येतो. समजा, एका गटात लग्नाच्या वयाचे दहा पुरुष आणि दहा स्त्रिया आहेत (हे आकडे सोयीसाठी मी घेतले आहेत). गटाबाहेर लग्न करायचे नाही असे ठरले, तर दोन्ही बाजू सारख्या राहायला हव्यात. दहाही जोडपी एकाच वेळी मेली तरच हिशेब बिनचूक राहील, आणि तसे होत नाही. नवरा आधी गेला तर एक स्त्री जादा होते, बायको आधी गेली तर एक पुरुष. जादा व्यक्तीने गटाबाहेर लग्न केले तर कुंपण मोडते, आणि गटात केले तर लग्नाला आलेल्या कोणाचा तरी जोडीदार कमी होतो.

आंबेडकरांच्या मते हा हिशेब जुळवण्याच्या रीती म्हणजेच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह. विधवेला पतीबरोबर जाळायचे, किंवा जिवंत ठेवून तिचा विवाहाचा हक्क काढून घ्यायचा. विधुराला जाळणे किंवा त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणे समाजाला परवडत नाही. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी घ्यायची. या चालींचा जो गौरव शास्त्रांत आढळतो तो मागाहून आला, आधी गरज आली, असे त्यांचे म्हणणे आहे.

पुढचा प्रश्न प्रसाराचा. पहिले दार ब्राह्मण वर्गाने लावून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, असे ते मांडतात. गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम ते आधाराला घेतात. जात मनूने निर्माण केली, हे मत ते नाकारतात. एक माणूस एवढी मोठी व्यवस्था लादू शकत नाही. आधीपासून असलेल्या चालीला त्याने नियमांचे रूप दिले. इथेही आपल्या मुलांची सवय आठवते. प्रत्येक गोष्टीला एक खलनायक शोधला, की त्यांचे भाषण पूर्ण होते.

निबंध कुठे कमी पडतो

थोर माणसाचा मजकूर वर्गात नेला, की त्याची परीक्षा करायची नसते असा एक समज आहे. तो बाबासाहेबांच्या बाबतीत तरी गैर आहे, कारण आपले प्रतिपादन चुकीचे ठरले तर ते सोडायची तयारी असल्याचे त्यांनी निबंधाच्या शेवटी स्वतःच लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांना शोभेल अशीच परीक्षा करू.

पहिली उणीव आकड्यांची. १९११ ची जनगणना उपलब्ध होती. तिच्यात जातवार नोंदी होत्या. निबंधात मात्र एकही कोष्टक नाही. गणित आहे ते तर्काचे, मोजणीचे नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रातलाच आहे. आपल्याकडे अनेक जातींत विधवेचा पाट लावण्याची रीत होती. तिथे जादा स्त्री आणि जादा पुरुष यांची सोय जातीतच होत होती, आणि तरीही त्या जातींचे दार घट्ट बंदच होते. मग सती आणि सक्तीचे वैधव्य दार बंद ठेवण्यासाठी अपरिहार्य होते असे म्हणता येईल का? आंबेडकरांनी याला उत्तराची दिशा दिली आहे. ब्राह्मणांपासून सामाजिक अंतर जसे वाढते तसे अनुकरण कमी होत जाते, काही जाती तिन्ही चाली उचलतात, काही एखादीच, आणि सर्वांत दूरच्या जाती फक्त बंद राहण्याचे तत्त्व घेतात. हे उत्तर पुरेसे आहे का, यावर दहावी-अकरावीच्या वर्गात एक तास चांगली चर्चा होऊ शकेल. तिसरी गोष्ट अशी, की आजच्या चालींच्या तीव्रतेवरून पहिले दार कोणी लावले हे ठरवणे म्हणजे वर्तमानावरून भूतकाळाचे अनुमान करणे. ते धाडसाचे आहे.

तरीही निबंध टिकून आहे, आणि त्याचे कारण त्याची परीक्षा करता येते हे आहे. अंतर्विवाह हाच गाभा असेल, तर त्याच्या खुणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या रक्तसंबंधांत दिसायला हव्यात. १९१६ साली त्या पाहण्याचे साधन नव्हते. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या गटांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ होत होती आणि नंतर ती थांबत गेली, असे त्यातून दिसले. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील शास्त्रज्ञांनी काही गटांत ही सरमिसळ सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी थांबल्याचा अंदाज मांडला. यावरून अनुकरणाचा सिद्धांत सिद्ध होत नाही, तीन चालींचे गणितही नाही. पण आधी मिसळणे होते आणि मग दारे बंद झाली, एवढ्या भागाला स्वतंत्र विद्येकडून आधार मिळाला. शंभर वर्षांनंतर तपासता येईल असे वाक्य एका विद्यार्थ्याने लिहिले होते.

न झालेले भाषण

आता दुसरा मजकूर. डिसेंबर १९३५ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. त्यांनी भाषण लिहून पाठवले. मंडळाला काही भाग खटकले, विशेषतः शास्त्रांच्या प्रामाण्यावरचे आणि हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असे सुचवणारे. ते गाळावेत अशी विनंती झाली. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. मे १९३६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने भाषणाच्या पंधराशे प्रती छापल्या. मराठीत ते 'जातिप्रथेचे निर्मूलन' म्हणून ओळखले जाते.

मन वळवणारे भाषण कसे बांधावे याचा हा नमुना आहे. समोरचा श्रोता सुधारणेच्या बाजूचा सवर्ण हिंदू आहे, हे वक्त्याला ठाऊक आहे. तो आरंभी राजकीय सुधारणा आधी म्हणणाऱ्यांना उत्तर देतो, मग आर्थिक क्रांती आधी म्हणणाऱ्या समाजवाद्यांना. त्यानंतर जातीच्या समर्थकांचे सर्वांत भक्कम म्हणणे घेतो : जात म्हणजे श्रमविभागणी. त्यावर त्याचे उत्तर असे, की जात श्रमांबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, आणि तीही चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर. विरोधकाचे दुबळे म्हणणे निवडून ते पाडण्याचा सोपा मार्ग त्याने घेतलेला नाही. अन्यायाची उदाहरणे देताना पेशवाई, इंदूर संस्थानातील बलाई, गुजरातमधील कविठा, जयपूर संस्थानातील चकवारा अशी स्थळे आणि घटना तो नावानिशी सांगतो.

मग उपायाकडे वळतो. सहभोजनाने जात जाईल का? नाही. ज्या जातींत सहभोजन चालते त्याही जाती राहिल्याच आहेत. खरा उपाय आंतरजातीय विवाह. आणि लोक तो का करत नाहीत? शास्त्रांवर श्रद्धा आहे म्हणून. म्हणून भाषण शेवटी शास्त्रांच्या प्रामाण्यापाशी येते, आणि मंडळाला तोच भाग नको होता.

इथे दोन्ही मजकुरांचा सांधा स्पष्ट होतो. जातीची व्याख्या नेसफिल्डप्रमाणे पंगतीवरून केली असती, तर उपाय सहभोजन झाला असता. ती विवाहावरून केली, म्हणून उपाय विवाह झाला. १९३६ च्या भाषणातला सर्वांत तीक्ष्ण निष्कर्ष १९१६ च्या निबंधातल्या व्याख्येतून आला आहे. ही माझी जुळवाजुळव नाही. भाषणाच्या १९४४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आंबेडकरांनी लिहिले आहे, की हा निबंध भाषणात सामावून सगळे पुन्हा लिहायचा त्यांचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे. निबंधाच्या शेवटी तेच आंबेडकर म्हणतात, चूक दाखवा, मी मत सोडीन. भाषणाच्या वेळी तेच म्हणतात, स्वल्पविरामही बदलणार नाही. यात विसंगती आहे का? मंडळाने त्यांच्या म्हणण्यातली चूक दाखवली नव्हती, गैरसोय दाखवली होती. पुराव्यापुढे मत बदलायचे आणि गैरसोयीपुढे बदलायचे नाही, हा फरक शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आपल्या शाळांत नेमके उलटे घडते. प्रयोगाचे आकडे जुळले नाहीत तर मुले ते 'बरोबर' करून लिहितात, आणि परीक्षकांना आवडणार नाही अशी शंका आली तर भाषणातला परिच्छेद गाळतात.

संगमावरचा प्रकल्प

हे सगळे दापोडीच्या नववीतल्या मुलाला कसे उपयोगी पडेल? विषय जातीचाच हवा असे नाही. दापोडीत विषयांची वाण नाही. एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, एकोणिसाव्या शतकात इथे सरकारी वनस्पती उद्यान होते, आणि पवना इथेच मुळेला मिळते. नेहमीचा नदीचाच विषय घेऊ.

आधी कुंपण : संगमाच्या आसपासचे पाणी, एवढेच. मग व्याख्या. 'प्रदूषित' म्हणजे काय? तरंगणारे प्लॅस्टिक, काळा रंग, वास, की पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची कमतरता? नदीत स्नान करण्याजोग्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असा आहे. व्याख्या प्लॅस्टिकवरून केली तर उपाय स्वच्छता मोहीम. प्राणवायूवरून केली तर उपाय सांडपाण्याची प्रक्रिया. सहभोजन आणि विवाह यांसारखीच ही गोष्ट आहे. शाळा दरवर्षी काठावरचा कचरा गोळा करतात आणि नदी तशीच राहते, याचे एक कारण चुकलेल्या व्याख्येत आहे.

मग तपासता येईल असे वाक्य. तीन जागा निवडाव्यात : संगमाच्या वरची मुळा, संगमाच्या वरची पवना आणि संगमाच्या खाली हॅरिस पुलाच्या बाजूला. एकाच दिवशी, शक्य तितक्या एकाच वेळी पाणी घ्यावे. विरघळलेल्या क्षारांचे मान दाखवणारे छोटे यंत्र शाळेला परवडते. दोन पाणी मिसळल्यावर खालचे मान वरच्या दोन मानांच्या दरम्यान यायला हवे. ते दोन्हींपेक्षा जास्त आले, तर मधे एखादा नाला किंवा गटार मिळत असले पाहिजे. मग तो शोधायला जायचे. संगमानंतर काही अंतर दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात, म्हणून खालचा नमुना दोन्ही काठांजवळून घ्यावा. कामाचा दिवस, रविवार, पावसाआधी, पावसानंतर असे पुन्हा मोजावे. मुलांनी पाण्यात उतरू नये. दोरीला बांधलेली बादली, हातमोजे आणि सोबत शिक्षक, हे नियम पाळावेत. न जुळणारे आकडेही वहीत तसेच राहू द्यावेत.

आणि त्यावरून भाषण. हॅरिस पुलाच्या एका टोकाला पिंपरी-चिंचवड महापालिका, दुसऱ्या टोकाला पुणे महापालिका. पाणी वरूनच घाण येते, आम्ही काय करणार, हे कोणत्याही काठावर ऐकू येणारे भक्कम म्हणणे. भाषणाने सुरुवातीलाच ते प्रामाणिकपणे मांडावे. वरच्या दोन जागांचे आकडे हातात असतील, तर मुलगी त्याला उत्तर देऊ शकेल. कदाचित ते म्हणणे खरे ठरेल. तसे झाले तर तेही तिने सांगावे, आणि मागणी वरच्या गावांकडे वळवावी.

१९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १० ते १७ वयाच्या मुलांकडून हेच मागितले : परिसरातला प्रश्न, गटाने केलेले मोजमाप, लेखी अहवाल आणि तोंडी सादरीकरण. त्या धर्तीवर शाळेतल्या शाळेत एवढे करता येईल. विज्ञानाच्या आणि भाषेच्या शिक्षकांनी मिळून एकच गट घ्यावा. अहवाल आणि भाषण यांना एकत्र गुण द्यावेत. आणि परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारावेत. तुमचे म्हणणे चूक ठरायला काय सापडावे लागेल? आणि तुमच्याविरुद्धचे सर्वांत चांगले म्हणणे कोणते? भाषण हल्ली संगणकाकडून तयार लिहून मिळते, त्याला अडवण्यात फारसा अर्थ नाही. पण बादली घेऊन संगमावर न गेलेल्या गटाला या दोन प्रश्नांची उत्तरे देताना अवघड जाईल, आणि गेलेला गट आपल्या वहीतले पान उघडून दाखवील.